झाडं तोडून झाडंच लावली, तर बिघडलं कुठे?

पर्यावरणाचा विषय निघाला की गावाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "झाडं तोडली हे खरं, पण जमीन ओसाड कुठे ठेवली? काजू लावला, रबर लावलं, म्हणजे झाडंच लावली ना? मग जंगल गेलं म्हणून एवढी ओरड कशाला?" प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याला बगल देऊन पुढे जाता येत नाही. कारण आपले कायदे आणि सरकारी नकाशेही बऱ्याच अंशी याच समजुतीवर चालतात.

या प्रकरणात आपण हा प्रश्न एका खऱ्या जागी नेऊन तपासू. जागा आहे सिंधुदुर्गातला दोडामार्ग आणि पीक आहे रबर.

१. दोडामार्गचा डोंगर

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी दक्षिणेला, गोव्याला खेटून दोडामार्ग तालुका आहे. इथली तिलारी नदी खाली गोव्यात उतरते आणि तिथे तिचं नाव शापोरा होतं. वर राधानगरी, खाली गोव्याचं म्हादई अभयारण्य, पलीकडे कर्नाटकातलं भीमगड. यांच्यामध्ये सावंतवाडी आणि दोडामार्गचे डोंगर येतात. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या जनावरांची ही वाट आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आले ते याच बाजूने. तिलारीच्या रानात वाघांचाही वावर आहे.

या तालुक्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथलं बरंचसं रान सरकारी नाही, मालकीचं आहे. म्हणजे सातबाऱ्यावर कोणा खातेदाराचं नाव असतं आणि जमिनीवर ऐन, किंजळ, जांभूळ, नाणा, रातांबा वाढलेला असतो. खातेदारांपैकी अनेकजण मुंबईला. जमीन पडून राहिली म्हणून रान टिकलं, असंही म्हणता येईल.

या डोंगरांवर रबर आलं ते मुख्यतः केरळातून आलेल्या बागायतदारांबरोबर. झाड मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथली रोपं श्रीलंका आणि सिंगापूरला गेली आणि आशियातल्या रबराची सुरुवात झाली. भारतात व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात पेरियार नदीकाठी सुरू झाली. केरळात जमीन महाग आणि अपुरी झाल्यावर तिथल्या बागायतदारांची नजर उत्तरेकडे, कोकणातल्या स्वस्त डोंगरांकडे वळली. पहिली काही वर्षं रबराच्या ओळींमध्ये अननस घ्यायचा आणि मग रबराचं उत्पन्न सुरू करायचं, अशी ही शेती आहे.

२. रानात असतं, बागेत नसतं

रबराच्या बागेत शिरलं की पहिल्यांदा ओळी दिसतात. उतारावर आडवे टप्पे खोदलेले असतात आणि त्यांवर हेक्टरी साधारण ४०० ते ५०० झाडं, सगळी एका वयाची. खोडावर छातीच्या उंचीला तिरकी चीर पाडलेली. तिच्या खालच्या टोकाला पत्र्याची छोटी पन्हळ आणि पन्हळीखाली तारेने अडकवलेली वाटी. कामगार पहाटे येतो, सालीचा पातळ काप काढतो आणि चीक वाटीत ठिबकू लागतो. पावसाचं पाणी चिकात जाऊ नये म्हणून चिरेच्या वर खोडाला प्लास्टिकची झालर बांधलेली असते. प्रत्येक झाडापाशी वरचेवर माणूस पोचायला हवा, म्हणून खालचं रान साफ ठेवावं लागतं. झुडपं नाहीत, वेली नाहीत, पडलेलं लाकूड नाही.

आता शेजारच्या मालकी रानात काय असतं ते पाहू. तिथे शंभर वर्षांचं हेळ्याचं झाड असतं आणि त्याच्या पायाशी कालच उगवलेलं रोपही. मोठ्या खोडात ढोली असते. धनेश पक्ष्याची मादी विणीच्या काळात अशा ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फळं भरवतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. ढोली पडण्याइतकं जुनं झाड हवं आणि वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत फळणाऱ्या जाती हव्यात. रबराच्या झाडाचं उत्पन्न सातव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतं आणि पंचवीस-तीस वर्षांत ते तोडून नवं लावतात. म्हणजे ढोलीला वेळ मिळत नाही आणि धनेशाला फळ मिळत नाही. शेकरूला तर जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला एकमेकांत गुंतलेल्या फांद्या आणि वेली लागतात.

पाण्याचंही तसंच. रानातल्या जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर असतो. तो पाऊस अडवतो आणि सावकाश मुरवतो. साफ केलेल्या, टप्पे पाडलेल्या उतारावर नव्या बागेची पहिली काही वर्षं माती उघडी राहते आणि कोकणातला पाऊस तिला सोडत नाही. शिवाय रबर हिवाळ्यात पानं गाळतं आणि ऐन कोरड्या दिवसांत नवी पालवी काढतं. चीनच्या युनान प्रांतातल्या अभ्यासांत दिसलं की या पालवीसाठी झाड जमिनीत खोलवर साठलेलं पाणी ओढून घेतं.

थोडक्यात, बागेत झाडं असतात, पण जंगल म्हणजे फक्त झाडं नव्हेत. वय, जाती, थर आणि खालची जमीन हे सगळं मिळून जंगल होतं. आता हा फरक सरकारी मोजणीत कुठे उमटतो ते बघू.

३. उपग्रहाला हिरवं दिसतं

देशातलं वनक्षेत्र भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते. तिची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, जिचा निदान १० टक्के भाग झाडांच्या छत्राने झाकलेला आहे, ती वनाच्छादित. जमीन कोणाची, झाड कुठलं, लावलेलं की आपोआप उगवलेलं, हे प्रश्न व्याख्येत नाहीत. आंब्याची बाग, बांबू, ताड-माड हेही त्यात येऊ शकतात. छत्र ७० टक्के किंवा जास्त असेल तर 'अति घनदाट', ४० ते ७० टक्के असेल तर 'मध्यम घनदाट' आणि १० ते ४० टक्के असेल तर 'विरळ'.

एक साधा हिशेब करू. समजा, १०० हेक्टर मालकी रान आहे आणि त्याचं छत्र ७५ टक्के आहे. नकाशात नोंद होते: १०० हेक्टर अति घनदाट. ते तुटतं. पुढच्या एखाद्या अहवालात ही जागा वनाबाहेर जाते. रबर वाढतं, ओळी एकमेकींना मिळतात आणि दहाएक वर्षांनी छत्र पुन्हा ७५ टक्के भरतं. नकाशात नोंद होते: १०० हेक्टर अति घनदाट. पहिला आणि शेवटचा अहवाल शेजारी ठेवला तर बदल शून्य. मधल्या काळात तालुक्यातलं एक जंगल नाहीसं झालं आणि या दोन अहवालांच्या तुलनेत ते कुठेच दिसत नाही.

२०२३ च्या अहवालानुसार देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. आकडा खोटा नाही. पण त्यात नैसर्गिक रान किती आणि लागवड किती, हे त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही.

ही अडचण भारताचीच आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना जगभरची वनं मोजते. तिच्या व्याख्येत तेलताडाची लागवड जंगलात धरत नाहीत, पण रबराची लागवड धरतात.

४. ईआयए म्हणजे काय?

मोजणीत निसटलं तर निसटलं, तोडण्याआधी कोणी परिणाम तपासत नाही का? त्यासाठीच तर पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे ईआयए आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी ईआयएची पहिली अधिसूचना निघाली. सध्या लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची, वेळोवेळी बदललेली.

तिच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली छाननी. प्रकल्प यादीत बसतो का आणि कोणत्या वर्गात? 'अ' वर्गाचा निर्णय केंद्रात, 'ब' वर्गाचा राज्यात.

दुसरी व्याप्ती. अहवालात काय काय तपासायचं हे तज्ज्ञ समिती ठरवून देते: पाणी, हवा, वन्यजीव, लोकवस्ती.

तिसरी जनसुनावणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची नोटीस देतं. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी समोर बसतात आणि बाधित गावातला माणूस उभा राहून आपलं म्हणणं नोंदवू शकतो.

चौथी मूल्यमापन. समिती सगळी कागदपत्रं पाहून शिफारस करते आणि मग मंजुरी मिळते किंवा नाकारली जाते.

या चार पायऱ्यांवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हा त्यातला सर्वात जुना आक्षेप. पण निदान खाण किंवा कारखाना येणार असेल तर गावाला आधी कळतं आणि बोलायची एक जागा मिळते. दोडामार्गच्या रबराला हे का लागू झालं नाही, याचं उत्तर पहिल्या पायरीतच आहे.

५. यादीत नाव नाही

२००६ च्या अधिसूचनेला एक अनुसूची जोडलेली आहे. तिच्यात खाणी, धरणं, वीजप्रकल्प, सिमेंट, साखर कारखाने, बंदरं, विमानतळ, महामार्ग, मोठी बांधकामं आहेत. मळा किंवा लागवड नाही. रबर नाही, तेलताड नाही, चहा-कॉफीही नाही.

त्यामुळे काय होतं पाहा. एखाद्या गावात २०,००० चौरस मीटर बांधकामाची निवासी संकुलं उभी करायची असतील तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. २०,००० चौरस मीटर म्हणजे दोन हेक्टर, तेही सगळ्या मजल्यांचं मिळून. त्याच गावात २०० हेक्टर डोंगरावर रबर लावायचं असेल तर या अधिसूचनेखाली एक अर्जही करावा लागत नाही. छाननी नाही म्हणून व्याप्ती नाही, व्याप्ती नाही म्हणून सुनावणी नाही. गावाला कळतं ते करवतीचा आवाज आल्यावर.

अशी तरतूद करताच येत नाही का? येते. मलेशियाने १९८७ च्या आदेशात, वनजमीन शेतीखाली आणणाऱ्या ५०० हेक्टर आणि त्याहून मोठ्या योजनांना ईआयए सक्तीची केली. रबर आणि तेलताडाच्या देशाला ती गरज आधी कळली. युरोपीय संघाच्या ईआयए निर्देशात तर जमिनीचा वापर बदलण्यासाठी केलेली जंगलतोड आणि पडीक किंवा अर्धनैसर्गिक जमिनीवरची सघन शेती, दोन्हींची नोंद आहे. सदस्य देशांनी अशा कामांची छाननी करायची असते.

आपल्या यादीमागे एक समजूत आहे: घाण करतो तो कारखाना, शेती निरुपद्रवी. चिमणी दिसली की कायदा जागा होतो. टप्पे खोदणाऱ्या जेसीबीला तो शेतकरी समजतो.

६. मग वनकायदा कुठे गेला?

इथे वाचक म्हणेल, ईआयए नसेल, पण वन संवर्धन कायदा आहे ना? आहे आणि त्याची भाषा आश्चर्य वाटावं इतकी स्पष्ट आहे. १९८० च्या या कायद्यानुसार वनजमीन 'वनेतर' कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. १९८८ च्या दुरुस्तीने वनेतर कामाची व्याख्या दिली आणि तिच्यात चहा, कॉफी, मसाले, रबर, ताडवर्गीय झाडं, तेल देणारी झाडं, बागायती पिकं आणि औषधी वनस्पती यांच्या लागवडीसाठी जंगल साफ करणं नाव घेऊन घातलं. झाडाच्या जागी झाड लावलं म्हणून जंगल राहत नाही, हे संसदेने तेव्हाच मान्य केलं होतं.

अडचण 'वनजमीन' या शब्दापाशी येते. मालकीचं रान ही वनजमीन का? १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालक कोणीही असो. म्हणजे तत्त्वतः दोडामार्गचं मालकी रानही आलं. पण अशी रानं ओळखून त्यांची यादी करायचं काम राज्यांवर होतं आणि ते अर्धवट राहिलं. २०२३ च्या दुरुस्तीने कायदा मुख्यतः अधिसूचित आणि सरकारी दप्तरात नोंदलेल्या वनापुरता आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, राज्यांच्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत १९९६ चाच अर्थ चालू ठेवला. तलाठ्याच्या दप्तरात मात्र 'वन' असा शेरा नसेल तर खाली कोणी हा प्रश्न विचारत नाही.

मग उरतो १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशा ठरलेल्या जाती मालकीच्या जमिनीतही तोडायच्या तर परवानगी हवी. यादीबाहेरच्या जातींना तीही नको. आणि विनापरवाना तोडीच्या दंडाची मर्यादा वर्षानुवर्षं १,००० रुपये होती. मोठ्या बागेच्या खर्चात ही रक्कम दिसतही नाही.

७. महिनाअखेरीची बेरीज

वाण्याकडे उधारीचं खातं असलं की रोजची नोंद किरकोळ असते. आज साखर, उद्या चहापत्ती. एकेका ओळीकडे पाहून कोणी घाबरत नाही. महिनाअखेरीला बेरीज मारली की डोळे उघडतात. वृक्षतोडीच्या परवानग्यांचं खातं असंच आहे, फक्त त्याची बेरीज कोणी मारत नाही.

एक कल्पित डोंगर घेऊ. क्षेत्र ९० हेक्टर, तीस खातेदार, प्रत्येकी तीन हेक्टर. एकच खरेदीदार पाच-सहा वर्षांत हे तुकडे घेतो. प्रत्येक तुकड्यासाठी तोडीचा अर्ज वेगळा, पंचनामा वेगळा, परवाना वेगळा. प्रत्येक कागदावर परिणाम किरकोळ. शेवटी ९० हेक्टरवर हेक्टरी ४५० च्या हिशेबाने ४०,५०० रबराची झाडं उभी राहतात. डोंगराच्या दोन बाजूंची रानं एकमेकांपासून तुटतात. हा परिणाम तीसपैकी एकाही कागदावर नसतो.

खाणींच्या बाबतीत न्यायालयाने ही पळवाट पकडली होती. पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजांच्या खाणींना मंजुरी लागत नव्हती, म्हणून पट्टे तोडून छोटे केले जात. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. उद्या लागवड ईआयएच्या यादीत आली आणि तिला हेक्टरांची मर्यादा घातली, तर तुकडे पडणारच. तेव्हा मोजमाप एका खातेदाराचं नव्हे, एका पाणलोटाचं करावं लागेल.

दोडामार्गात हे एकत्रित चित्र शेवटी न्यायालयासमोर गेलं. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याची प्रक्रिया मुदतीत पुरी करा, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्राने २०१४ पासून जे मसुदे काढले, त्यांतल्या बंदीच्या यादीत खाणी आहेत, औष्णिक वीज आहे, लाल वर्गातले उद्योग आहेत, मोठी बांधकामं आणि नगरवसाहती आहेत. लागवड तिथेही नाही. खाणी रोखायला हा शिक्का उपयोगी आहे. रबर रोखायला तोडबंदीच कामाला आली.

८. बागायतदाराचं काय चुकलं?

हे सगळं वाचून रबर लावणारा माणूस गुन्हेगार वाटू लागला असेल तर विषय निसटला. ओसाड माळावर, जुन्या पडीक काजूबागेत किंवा वरकस जमिनीत कोणी रबर लावलं तर तक्रारीला फारशी जागा नाही. तिथे सावली वाढते आणि हाताला काम मिळतं. मुंबईला राहणाऱ्या खातेदाराला डोंगरातून रुपया मिळत नाही. रान राखल्याबद्दल सरकार त्याला काही देत नाही आणि विकल्यावर एकरकमी पैसे येतात. त्याने काय करावं?

उलट उदाहरणही याच तालुक्यात आहे. हेवाळे-बांबर्डे इथे गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणाऱ्या जंगली जायफळांचं अतिशय दुर्मीळ वन आहे. गावाने देवराई म्हणून राखल्यामुळे ते टिकलं आणि पुढे त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. एकाच जातीची बाग लावून ते परत आणता येणार नाही.

म्हणून लागवड चांगली की वाईट, हा प्रश्न नुसता विचारून उपयोग नाही. जी लागवड माळावर चालेल तीच रानात चालणार नाही.

९. कोणीच न विचारलेला प्रश्न

आता सगळे नियम ओळीने मांडू. वन सर्वेक्षण विचारतं: आज वरून काय दिसतं? ईआयए विचारते: उद्या काय उभं राहणार? वनकायदा विचारतो: दप्तरात काय लिहिलं आहे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण 'इथे आधी काय होतं?' हे यांपैकी कोणीच नीट विचारत नाही आणि रबराच्या बाबतीत सगळा निकाल त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न कायद्यात बसवता येतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडविरोधी नियम केला. गुरं, कोको, कॉफी, तेलताड, रबर, सोया आणि लाकूड या सात गोष्टींना तो लागू आहे. माल ज्या जमिनीत पिकला तिथे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तुटलेलं नसावं, अशी अट आहे. पुरावा म्हणून जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यायचे. रबराची बाग इथे शेती मानली जाते, त्यामुळे जंगलाच्या जागी बाग आली तर तिला सवलत नाही. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली, तरी निर्यातीचा विचार करून आपलं रबर बोर्डही बागांचे नकाशे तयार करायला लागलं.

'आधी काय होतं' हे कळणार कसं, ही सबबही आता चालत नाही. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भूदृश्य आणि माणसाने घडवलेलं भूदृश्य वेगळं काढलं होतं. लागवडी दुसऱ्या गटात गेल्या होत्या. नकाशा काढणाऱ्याने ठरवलं तर फरक दिसतो.

तेव्हा नियमांत तीन बदल हवेत. वन सर्वेक्षणाच्या अहवालात नैसर्गिक रान आणि लागवड वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावी. नैसर्गिक रान काढून होणारी लागवड ईआयएच्या यादीत यावी आणि तिची मोजणी पाणलोटानुसार व्हावी. आणि जो खातेदार रान राखतो त्याला त्याचा मोबदला मिळावा, नाहीतर पहिले दोन बदल फक्त त्याच्यावरचा जाच ठरतील.

दिल्लीत हे कधी होईल तेव्हा होईल, पण एक काम गावाच्या हातात आजही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढून त्यात डोंगराचं नाव, गट नंबर, झाडांच्या जाती, ढोलीची झाडं, पाण्याचे झरे तारखेसह लिहून ठेवावेत. पुढे परवानगीचा अर्ज येईल किंवा खटला उभा राहील, तेव्हा 'इथे आधी काय होतं' याचा गावाने स्वतः लिहिलेला पुरावा तोच असेल.